फिलिपिन्समध्ये कामाला बाहेर जाणाऱ्याची नोंद होते, आमच्या टोळीची का नाही?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

दसरा झाला की दरवर्षी तुमच्या पेपरात ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्याचा फोटो येतो. ट्रकवर संसार बांधलेला, वर लेकरं बसलेली, एखादी शेळी, पत्र्याची पेटी. मी त्या ट्रकमध्ये बसून गेलेली आहे आणि त्या ट्रकच्या मागं रडत पळालेली पण आहे, म्हणून हे पत्र. मोबाईलवर लिहितेय, कुठं शुद्धलेखन चुकलं तर तेवढं दुरुस्त करून घ्या पण मजकूर कापू नका ही विनंती.

लिहायचंय फिलिपिनो लोकांबद्दल. तुम्ही म्हणाल धारूर तालुक्यातल्या बाईला त्यांचं काय. तर मी नर्स आहे, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झाले आणि २०१४ ला सौदीत दम्मामला गेले, तिथं एका खासगी दवाखान्यात सहा वर्षं काम केलं. आमच्या वॉर्डात निम्म्याच्या वर नर्सेस फिलिपिन्सच्या होत्या, बाकी केरळच्या, आणि मराठी मी एकटी. माझी रूम पार्टनर फिलिपिन्सच्या इलोइलो भागातली, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिच्या गाववाल्या सगळ्या तिला आते म्हणायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं ही सगळ्यांची आत्या कशी काय, मग कळलं की त्यांच्यात मोठ्या बहिणीला आते म्हणतेत. मग मी पण आतेच म्हणायला लागले, आणि खरं सांगते सहा वर्षांत घरच्या कुणी केलं नसंल एवढं तिनं माझं केलं. त्यांचा एक शब्द आहे कबायान, म्हणजे आपल्या गावचा, आपल्या देशाचा माणूस. अनोळखी फिलिपिनो बाई बाजारात दिसली तरी कबायान म्हणून हाक मारतेत आणि दोन मिनिटांत जेवलीस का, पगार वेळेवर मिळतो का, पासपोर्ट कुणाकडं आहे हे सगळं विचारून घेतेत.

आतेची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ती दीड वर्षाची असताना आते पहिल्यांदा बाहेर पडली. मुलगी आजीकडं, म्हणजे आतेच्या आईकडं, नवरा तिथंच गावात तीनचाकी चालवायचा. रोज रात्री ड्युटी संपली की व्हिडिओ कॉल. त्यांच्यात आजीला लोला म्हणतेत आणि आईला नानाय. तर ती पोरगी आजीला नानाय म्हणायची आणि आतेला नुसतं मामा म्हणायची, त्यांच्या भाषेत तो पण आईचाच शब्द आहे पण आते मला म्हणाली तो फोनवरच्या बाईचा शब्द आहे, नानाय म्हणजे जी केस विंचरते ती. एकदा पोरीला ताप होता, आते स्क्रीनवर बघून सांगत होती कपाळावर ओली पट्टी ठेव, पाणी पाज, आणि पोरगी तिच्याकडं न बघता आजीच्या पदरात तोंड घालून पडलेली. दिवसभर दुसऱ्याच्या लेकरांचा ताप मोजणारी बाई ती.

त्या रात्री मी तिला माझं सांगितलं. मी आजीला माय म्हणायचे आणि माझ्या आईला बाई म्हणायचे. आई-बाप दोघं ऊसतोडीला, दोघं मिळून एक कोयता, कधी सांगलीकडं तर कधी कर्नाटकात. चार वर्षांची होईपर्यंत मला सोबत नेलं, त्यातलं फक्त कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, आठवतेय आणि पहाटेची थंडी, मग शाळेसाठी आजीपाशी ठेवलं. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की चैत्रात कधीतरी परत यायचे. आईचा काळवंडलेला चेहरा, हाताला कापलेल्या रेघा, आणि मी आजीच्या मागं लपायचे. आई जवळ ओढायची, मी जात नव्हते. आठ दिवसांनी सवय व्हायची आणि मग मी तिला चिकटून असायचे आणि परत दसरा. हे मी आतेला मोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि तिनं मला एकच विचारलं, तुझ्या आईकडं काँट्रॅक्टचा कागद होता का. मला आधी तो प्रश्नच समजला नाही. लेकराच्या रडण्याचं सांगतेय आणि ही कागदाचं काय विचारते.

पुढं हळूहळू समजलं. त्यांच्याकडं माणूस बाहेर जाणं ही घरोघरची गोष्ट आहे. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या काळात त्यांचा कामगार कायदा आला आणि सरकारनंच माणसं बाहेर पाठवायला सुरुवात केली, तेव्हा तेलाचे भाव वाढलेले, आखातात बांधकामं निघालेली, आणि इकडं देशात कामं नाहीत. थोडे दिवसांची सोय म्हणून सुरू झालेलं ते आज पन्नास वर्षं झाली तरी चालूच आहे. २०२३ मध्ये तिकडच्या लोकांनी बँकेतून घरी पाठवलेले पैसेच ३३ अब्ज डॉलरच्या वर होते. सरकार त्यांना देशाचे नवे वीर म्हणतं, विमानतळावर स्वागताचे बोर्ड लावतं. आतेला ते वीर वगैरे अजिबात आवडायचं नाही. ती म्हणायची वीर म्हणलं की रडायची परवानगी राहत नाही.

आणि तिकडच्या कामगारांना जे हक्क मिळालेत ते सरकारनं आपणहून प्रेमानं दिले असंही नाही. १९८२ ला उलट हुकूम काढला होता की बाहेर कमावणाऱ्यानं पगाराचा अमुक हिस्सा सरकारमान्य बँकेतूनच घरी पाठवला पाहिजे, नाही पाठवला तर शिक्षा. हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या बायांनी एकत्र येऊन त्याच्या विरोधात आवाज उठवला, आणि १९८५ ला शिक्षेची ती तरतूद मागं घ्यावी लागली. घरकाम करणाऱ्या बाया बरं का, ज्यांना आठवड्यात एक रविवार सुट्टी. अजूनही दर रविवारी हाँगकाँगच्या मध्य भागात रस्त्यावर, बँकेच्या बिल्डिंगखाली पुठ्ठे अंथरून हजारो जणी बसतेत, डबे खातेत, केस कापतेत, घरी फोन लावतेत, आणि तिथंच संघटनेच्या मिटिंगा पण होतेत. जहाजावरच्या माणसांना मात्र तो नियम राहिला. आतेचा भाऊ जहाजावर होता, त्याच्या मूळ पगारातले ८० टक्के दर महिन्याला थेट घरी जायचे. मला ते आधी जुलमी वाटलं पण आतेची भावजय म्हणायची त्यामुळंच लेकरांची फी भरली.

आता कागदाचं. मी २०१४ ला गेले तेव्हा एजंटला दोन लाख दिले, त्यातले दीड लाख व्याजानं काढलेले. विमानतळावर जायच्या आदल्या दिवशी हातात अरबीतली एक झेरॉक्स दिली, मला त्यातला फक्त माझा फोटो समजला. आतेकडून एजन्सीनं एका महिन्याच्या पगाराइतकी फी घेतली, कायद्यानं त्याच्यावर घेता येत नाही. घरकामाला जाणाऱ्या बायांकडून तर २००६ पासून फीच घ्यायची नाही असा नियम आहे आणि तेव्हा पगार महिना ४०० डॉलरच्या खाली असला तर पाठवायचंच नाही असं होतं. निघायच्या आधी सरकारचा क्लास, त्यात देशाची माहिती, काय झालं तर कुठं फोन करायचा, पैसे कसे पाठवायचे. काँट्रॅक्ट त्यांच्या सरकारी ऑफिसातून तपासून आलेलं. २५ डॉलर भरून कल्याण निधीचं सभासदत्व, त्यात आजारपण, मृत्यू, लेकरांच्या शिष्यवृत्त्या. म्हणजे जाणारा एकटा जात नाही, त्याच्या मागं घरी कोण आहे हे पण त्या फॉर्मवर असतं. मी ते बघून आतेला म्हणलं की आमच्याकडं कोयता जातो, माणसाचं नाव पण नसतं, नवराबायकोला मिळून एक कोयता म्हणतेत. तिला मी हे दोनदा समजावून सांगितलं तरी तिला पटेना.

पण माझ्या मनात सगळ्यात खोल गेलेली गोष्ट वेगळीच आहे. १७ मार्च १९९५ ला सिंगापूरमध्ये फ्लोर कॉन्टेम्प्लासिऑन नावाच्या फिलिपिनो मोलकरणीला फाशी दिली. खुनाचा आरोप होता. चार लेकरांची आई. तिनं खून केला का नाही ह्यावर तिकडं आजही लोक भांडतेत, मी त्यात पडत नाही. पण तिच्या देशातल्या लोकांचा प्रश्न वेगळा होता, आपली बाई तिथं तुरुंगात होती तेव्हा आपलं सरकार, आपला दूतावास कुठं होता. हजारो लोक रस्त्यावर आले, परराष्ट्रमंत्र्याला खुर्ची सोडावी लागली, आणि तीन महिन्यांच्या आत, ७ जूनला, बाहेर जाणाऱ्या कामगारांचा कायदा सही होऊन आला. आते तेव्हा शाळेत होती, तिला त्या दिवसाची गर्दी आठवते.

त्या कायद्यातलं एक कलम मी आतेकडून समजून घेतलं आणि माझी झोप उडाली. बाहेरच्या मालकानं पगार बुडवला तर देशातली एजन्सी पण तितकीच जबाबदार. दोघंही. मालक परदेशात, त्याच्यापर्यंत हात पोचत नाही, मग ज्यानं पाठवलं त्याला धरा, पूर्ण रकमेला धरा. आता हे कलम आपल्याकडं लावून बघा. कारखान्याला विचारलं तर मजूर आमचा नाही, मुकादमाचा. मुकादमाला विचारलं तर मी फक्त माणसं आणतो, काम कारखान्याचं. मोळी बांधताना माझ्या चुलतभावाच्या पायावर ट्रॉली गेली तेव्हा दोघांनीही हेच सांगितलं आणि दवाखान्याचा खर्च उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशात, धरला. उचलीत! म्हणजे पाय पण त्याचाच गेला आणि कर्ज पण त्याच्यावरच चढलं. आपल्याकडं कागद होत नाही असं नाही साहेब. स्टॅम्प पेपरवर उचलीचा कागद होतो, नोटरी होते, साक्षीदार असतेत. फक्त त्यात मजुरानं किती द्यायचं ते असतं, मजुराला काय मिळणार, किती तास, आजारी पडला तर काय, बाळंतपण आलं तर काय, ह्यातली एक ओळ नसते.

बायांचं तर बोलायलाच नको पण बोलावं लागतं. एक दिवस खाडा झाला तर दंड, म्हणून पाळीचा त्रास, अंगावरचं जाणं सगळं दाबून ठेवायचं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आपल्या बीड जिल्ह्याचा आकडा आला, ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. मी तेव्हा दम्मामला होते, मोबाईलवर बातमी वाचली, माझ्या मोठ्या वहिनीचं पण चौतिसाव्या वर्षी तेच झालेलं. आतेला दाखवलं तर ती नर्स आहे, तिला आकड्याचा अर्थ लगेच कळला, बराच वेळ काही बोललीच नाही.

मी फिलिपिन्सला डोक्यावर घेत नाहीये. आयाबहिणी बाहेर पाठवून चालणारा देश काही सुखी नाही, आणि कायदा असूनही त्यांची माणसं मरतेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये कुवेतला एका रिकाम्या फ्लॅटच्या डीप फ्रीझरमध्ये एका फिलिपिनो घरकामवाल्या बाईचा मृतदेह सापडला, वर्षभराहून जास्त दिवस तिथं पडून होता. ती पण इलोइलो प्रांतातलीच. आमच्या रूमवर त्या संध्याकाळी दहा-बारा जणी जमल्या, कुणी स्वयंपाक केला नाही, एकीनं मेणबत्ती लावली. नंतर त्यांच्या सरकारनं कुवेतला माणसं पाठवणं बंद केलं आणि मे महिन्यात करार झाला, पासपोर्ट मालकानं ठेवायचा नाही, मोबाईल काढून घ्यायचा नाही, आठवड्याची सुट्टी द्यायची. तरी जानेवारी २०२३ मध्ये परत तिथंच एका बाईचा खून झाला. फी घ्यायची नाही म्हणून नियम असला तरी ट्रेनिंगच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्या एजन्सी आहेत हे पण आतेनंच सांगितलं. पण फरक एवढाच की तिथं बाई मेली तर तिचं नाव देशाला माहीत होतं, तिच्यासाठी करार बदलतो, मंत्री जातो, २०२२ पासून तर स्थलांतरित कामगारांचं वेगळं खातंच सुरू झालं. आमच्याकडं उसाच्या फडात साप चावून मेलेल्या बाईची बातमी तुमच्या पेपरात आत कुठंतरी चार ओळीत येते, मी कापून ठेवलेल्या आहेत दोन-तीन.

घरच्यांचं थोडं सांगते, कारण बाहेरच्यांना फक्त पैसे दिसतेत. आते सप्टेंबरपासून एक मोठा पुठ्ठ्याचा बॉक्स भरायला घ्यायची, बालिकबायान बॉक्स म्हणतेत त्याला. तिकडं सप्टेंबरपासूनच नाताळची गाणी लागतेत म्हणे. त्यात साबण, टॉवेल, कॉफी, टिनमधलं मटण, चॉकलेट, पोरीचे बूट. बूट घेताना ती फोनवर आईकडून पोरीच्या पावलाचं माप मागवायची, दोऱ्यानं मोजलेलं, आणि बॉक्स जहाजानं पोचेपर्यंत दीड-दोन महिने जातेत म्हणून एक नंबर मोठे घ्यायची. दोन वर्षं बरोबर बसले, तिसऱ्या वर्षी लहान पडले. त्या दिवशी ती बाथरूममध्ये जाऊन रडली, पोरगी एवढी वाढली आणि मला दोऱ्यावरून पण कळलं नाही म्हणून. माझा बाप येताना गुळाची ढेप आणायचा आणि मला फ्रॉक, तो पण नेहमी आखूड. मला लहानपणी वाटायचं बापाला फ्रॉक घेता येत नाही.

घर मात्र दोघींचं सारखंच निघालं. तिनं गावाकडच्या घराचे फोटो दाखवले, एका वर्षी दोन खोल्या, पुढच्या वर्षी स्लॅब, वरती गज तसेच मोकळे सोडलेले, परत पैसे आले की वरचा मजला. आमच्या गावात पण स्लॅबवर तेच गज.

२०२० चं सांगायचं राहिलं. मार्चमध्ये मी सुट्टीवर घरी आले होते आणि इथंच अडकले, परत गेलेच नाही. माझा भाऊ आणि वहिनी सांगली जिल्ह्यात फडात अडकलेले, सोबत धाकटं लेकरू. लाखाच्या वर ऊसतोड मजूर तिकडं कारखान्यांच्या आजूबाजूला अडकले होते, एप्रिलच्या मध्यापर्यंत निघायची परवानगीच नव्हती. कोणत्या फडात किती माणसं आहेत ह्याची धड यादी कुणाकडं नव्हती, भाऊ फोनवर सांगायचा की कुणी विचारायला येतं आणि मुकादमाच्या वहीवरून कोयते मोजून जातं. त्याच वेळी आतेच्या देशात विमानं भरून माणसं परत येत होती, सरकारी खर्चानं हॉटेलात ठेवत होते. गोंधळ तिथं पण झाला, मे महिन्यात २४ हजार लोक मनिलात अडकून पडले, टेस्टचे रिपोर्ट येईनात, शेवटी राष्ट्राध्यक्षांनी आठवड्यात घरी सोडा म्हणून आदेश काढला. पण २४ हजार हा आकडा त्यांना माहीत होता ना साहेब. माहीत होता म्हणून कुणीतरी आदेश काढू शकलं.

लोक मला म्हणतेत ते परदेशात जातेत, आपले तर राज्यातल्या राज्यात जातेत, तुलना कशाला. माझ्या आईला सांगली परदेशच होती. शाळा सुटायची, रेशन सुटायचं, दवाखाना सुटायचा, मत द्यायचं तर गाडी पाठवतेत तेवढ्यापुरतं गाव जवळ. फिलिपिनो माणूस २००४ पासून बाहेरच्या देशात बसून आपल्या देशाला मत देतो.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. गोपीनाथराव मुंडेंच्या नावानं ऊसतोड कामगारांचं महामंडळ झालं, ग्रामसेवकामार्फत नोंदणी आणि ओळखपत्र सुरू केलं, संत भगवानबाबांच्या नावानं लेकरांच्या वसतिगृहांची योजना आली, हे चांगलंच आहे. पण ओळखपत्र म्हणजे करार नाही. मला दोनच गोष्टी पाहिजेत. टोळी निघायच्या आधी गावातच करार व्हावा, त्याची मराठीतली एक प्रत मजुराच्या हातात, बाईच्या नावानं वेगळी, आणि त्यावर मुकादमाची आणि कारखान्याची दोघांची सही, पैसे बुडाले किंवा हातपाय गेला तर दोघंही जबाबदार. आणि त्याच कागदावर मागं राहिलेल्या लेकरांची नावं, ती कुणापाशी आहेत, आजी आहे का आजोबा, त्यांचं वय काय, म्हणजे शाळेला आणि आशाताईला माहीत राहील.

कारखानदार म्हणतील मजूर उचल घेऊन पळून जातेत, एका वेळी दोन मुकादमांकडून घेतेत. घेतेत काही जण, मी नाकारत नाही, मुकादम पण कर्ज काढून उचल वाटतो आणि त्याच्या पण घरावर माणसं येतेत. तर मग कागद त्याच्याही फायद्याचाच आहे. आजची पद्धत अशी की मजूर अडकला तर त्याला डांबून ठेवतेत आणि मुकादम अडकला तर तो फोन बंद करतो.

आते २०२२ ला कायमची घरी गेली. पोरगी आता सतरा वर्षांची आहे, आतेनं घराच्या पुढं छोटं दुकान टाकलंय. मागच्या महिन्यात फोन आला होता, पोरगी शेजारी बसली होती. आते म्हणाली अजून पण पोरीला काही लागलं तर आधी आजीला हाक जाते, आणि हे तिनं हसत सांगितलं पण मी तिला ओळखते. माझं पण तसंच. आजी जाऊन अकरा वर्षं झाली, मी दम्मामला होते, मातीला येता आलं नाही. आई आता माझ्यापाशीच राहते, तिला अजून बाईच म्हणते, माय म्हणायला तोंड वळत नाही.

एक काम मात्र तुमच्याकडं आहे. भावाची दोन लेकरं यंदा गावात राहणार आहेत, तिसरीत आणि पाचवीत. मागच्या वर्षी आमच्या भागातल्या एका शाळेचं हंगामी वसतिगृह टोळ्या गेल्यावर दीड महिन्यानं सुरू झालं, तोवर ती लेकरं शेजारणीच्या घरी जेवली. यंदा दसऱ्याच्या आठवड्यात तुमच्या वार्ताहरानं धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर ह्या तालुक्यांत फिरून कोणत्या गावात वसतिगृह सुरू झालं आणि कोणत्या गावात नाही ह्याची यादी तारखेसकट छापावी. टोळीच्या फोटोच्या शेजारी छापली तरी चालेल.

आपली,
एक नर्स, धारूर तालुका, जि. बीड
(नाव छापू नये ही विनंती)